चार चाकांचा हट्ट

सीटवाली ताई माणसाची ओळख तोंडावरून करत नसे. गिऱ्हाईक दुकानाशी येऊन थांबलं, की तिची नजर आधी त्याच्या गाडीच्या सीटवर जायची. फोम एकाच बाजूला दबलेला दिसला की ती म्हणायची, "कंबर दुखते ना? मागच्या खिशातलं पाकीट काढून बसत जा." गिऱ्हाईक चाट पडायचं. सीटचा पुढचा भाग झिजलेला आणि मागचा कोरा करकरीत असला, की हा बिचारा एकटाच फिरतो हेही तिला कळायचं, पण ते ती मनात ठेवायची. जीभ कुठे आवरावी हे तिला चांगलं समजत होतं. याच गुणाने पुढे तिचा घात केला.

दुकान म्हणजे एक लांबट गाळा होता. डाव्या भिंतीला रेक्झिनचे रोल उभे, उजवीकडे फोमच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या, मधे जाड सुईचं शिलाई मशीन आणि सगळ्यावर चिकटवायच्या सोल्युशनचा वास. नवीन माणसाचं डोकं त्या वासाने दुखायचं. ताईला मात्र सुट्टीच्या दिवशी घरी त्या वासावाचून चुकल्यासारखं व्हायचं. दुकान वडिलांचं होतं. आई आधीच गेली होती. वडीलही गेले तेव्हा ताई जेमतेम शिलाई शिकली होती आणि धाकटा भाऊ शाळेत होता. नातेवाईक म्हणाले, मशीन विकून टाक. ताई म्हणाली, मशीन विकलं तर मी काय करू, तुमच्या दारात बसू? मशीन राहिलं.

धाकटा त्या फोमच्या लाद्यांवर बसून अभ्यास करायचा आणि तिथेच झोपून जायचा. ताईने त्याला वाढवला असं म्हणणं कमी पडेल. ताईने त्याला जपला. पाऊस लागू दिला नाही, ऊन लागू दिलं नाही, पोहायलासुद्धा पाठवलं नाही. अशा मुलांचं पुढे दोनपैकी एक काहीतरी होतं. एक तर ती घराबाहेर पडत नाहीत, नाही तर डोंगरावरून गाड्या घालायला लागतात. धाकट्याने डर्ट बाईक, म्हणजे दगडमातीत घालायची मोटरसायकल, घेतली.

नोकरी त्याची लिफ्ट दुरुस्तीची होती. दिवसभर इमारतींच्या अंधाऱ्या पोकळ्यांतून शिडीने चढायचं, दोरखंड तपासायचे, वंगण लावायचं. "आठवडाभर नुसता वरखाली करतो गं मी," तो म्हणायचा, "रविवारी तरी मला पुढे जाऊ दे." गावामागच्या टेकड्यांत लाकूडतोड्यांच्या जुन्या पायवाटा होत्या. तिथे तो आणि त्याचे चार मित्र रविवारी गाड्या घेऊन जायचे आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखून परत यायचे. त्याची बायको त्याला पाण्याच्या नळीने धुवायची आणि हसायची. ताई हसत नसे. रविवार आला की तिच्या हातून टाके वाकडे पडायचे.

मग एका रविवारी तो खांद्याचं हाड मोडून घेऊन आला. फार काही नव्हतं. ओल्या मुळावरून चाक घसरलं, तो एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. गाडीला खरचटलंही नाही. डॉक्टर म्हणाले, जुळेल. पण ताईने मनाशी ठरवून टाकलं, की ही दोन चाकं याच्या जिवावर उठली आहेत.

"फिरायचंच आहे ना? मग क्वाड घे," ती म्हणाली. तिच्याकडे क्वाडच्या सीटा यायच्या. चार जाडजूड चाकं, रुंद बैठक, हँडल मोटरसायकलसारखं. बघितल्यावरच धीर यायचा.

"क्वाड म्हणजे सोफ्यावर बसून डोंगर चढायचा," धाकटा म्हणाला.

"मग बरंच आहे की! सोफ्यावरून पडून कुणाचं हाड मोडलेलं मी ऐकलं नाही."

"ताई, पायवाट एवढीशी असते. डर्ट बाईक जाते, क्वाड अडकते. डर्ट बाईक पडली तर मी एकटा उचलतो. क्वाड उलटली तर चार माणसं लागतात."

"उलटेल कशाला? टेबलाला चार पाय का असतात?"

"टेबल डोंगरावर चढत नाही म्हणून."

असं बरेच दिवस चाललं. तो एकदा दोन्ही गाड्या भाड्याने मिळतात त्या मैदानावर जाऊन क्वाड चालवून आला आणि म्हणाला, वाईट नाही, पण मजा नाही. अंगठ्याने वेग द्यायचा, अंग वळणाच्या आतल्या बाजूला झोकायचं, गाडी काही आपल्याबरोबर कलत नाही. दोन चाकांच्या गाडीवर जे अंगाला आपोआप कळतं ते इथे डोक्याने करावं लागतं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी डोळ्याला पदर लावला. मोठ्या बहिणीचं रडणं हा काही मुद्दा नव्हे, पण त्याच्यापुढे दुसरा कुठला मुद्दा टिकत नाही. धाकट्याने हात जोडले. डर्ट बाईक विकायला गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे लावली आणि क्वाड नोंदवून आला.

मिस्त्री हे ताईच्या वडिलांचे दोस्त. पिकलेल्या मिशा, नखांत कायमचं काळं तेल, आणि बोलणं असं की जणू एकेक शब्द पाना लावून सैल करताहेत. ताईच्या दुकानात गाड्यांच्या सीटा ते स्वतः घेऊन यायचे. क्वाड यायच्या थोडे दिवस आधी ते असेच आले. बगलेत एक फाटकी सीट होती.

"धाकटा क्वाड घेतोय म्हणे," ते म्हणाले.

"हो. म्हटलं एकदाची माझ्या जिवाला शांतता."

"हं." मिस्त्रींनी सीट खाली ठेवली. "त्याला एक निरोप दे. पंधरा-वीस वर्षं दोन चाकांवर काढलेला माणूस आहे तो. अशा माणसाची एक खोड असते. गाडी कलली की त्याचा पाय खाली जातो. तो टाकत नाही, पाय आपोआप जातो. मोटरसायकलवर ते बरोबर आहे. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं चाक त्याच पायावर चढतं. मी बघितलेत असे पाय. त्याला म्हणावं, महिनाभर सपाट मैदानावर फिरव, पाय जागच्या जागी ठेवायची सवय कर, मग डोंगर. मीच सांगितलं असतं, पण मुलीकडे निघालोय. तिचं बाळंतपण आहे. विसरू नकोस हं."

"नाही विसरत," ताई म्हणाली.

ती विसरली नाही. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिने स्वतःलाही हे पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला, की आपण कामाच्या गडबडीत विसरलो असू. तसं झालं नव्हतं. त्याच संध्याकाळी धाकटा कामावरून परतताना दुकानात डोकावला, फोमच्या लादीवर नेहमीसारखा बसला आणि म्हणाला, "ताई, दुकानदार म्हणतोय अजून बदलायचं असेल तर बदला. मी पुन्हा एकदा विचार करू का गं? क्वाडमध्ये काहीतरी मनाला पटत नाहीये."

मिस्त्रींचा निरोप ताईच्या अगदी ओठावर होता. आणि तिला दिसलं, की हा निरोप ऐकला की हा उठेल, टाळी वाजवेल आणि म्हणेल, बघ, मिस्त्रीसुद्धा म्हणतात! बुडत्याला काडीचा आधार तसं त्याचं होईल, आणि परत ते ओलं मूळ, परत ते हाड. या वेळी खांद्याचं नसेल, मानेचं असेल. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला.

"चहा घेतोस?" ती म्हणाली.

त्याने चहा घेतला. विषय तिथेच संपला. तिने मनाशी म्हटलं, गाडी घरी तर येऊ दे, मग सांगते. गाडी घरी आली. तिने त्या क्वाडच्या सीटला आपल्या दुकानातलं सगळ्यात भारी रेक्झिन चढवलं, दुहेरी शिलाई घातली, आणि तो सीट बसवून घ्यायला येईल तेव्हा सांगू, असं मनाशी म्हणाली. तो आला तो खुशीत होता. सीट काढून द्यायच्या आधी मैदानावर चार चकरा मारून आला होता, आणि ताईचं मन राखायला की खरंच कोण जाणे, "तशी वाईट नाही हं तुझी क्वाड," असं म्हणाला. एवढ्या मुश्किलीने वळलेलं मन, त्याला आता कशाला खडा मारायचा? ती म्हणाली, जपून जा. जपून जा एवढं तर ती त्याला शाळेत जातानाही सांगायची. त्याने ते ऐकलंसुद्धा नसेल.

त्या रविवारी तो टेकडीवर गेला. चढ संपून वाट आडवी झाली, एका बाजूला उतार होता. गाडी उताराकडे कलली. धाकट्याचा डावा पाय खाली गेला.

दवाखान्यात ताई पोचली तेव्हा तो शुद्धीत होता. ओठ पांढरे पडले होते आणि तो हसायचा प्रयत्न करत होता. पायावर चादरीखाली कसलातरी उंचवटा करून ठेवला होता. त्याच्याकडे तिने बघितलं नाही.

"गंमत बघ, ताई," तो म्हणाला. "मी पाय टाकलाच नाही. तो आपोआप गेला."

ती बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. भावजय धावत आली, तिला धरून बसवलं, पाणी पाजलं. "ताई, तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाकडे बघायचं?" ती म्हणाली. ताईने उरलेलं पाणी तसंच परत दिलं.

पाय राहिला. डॉक्टरांनी पट्ट्या घातल्या, खिळे घातले, आणि तो राहिला. पण घोटा वाकेनासा झाला. तो ताठ घोटा घेऊन शिडी चढता येत नाही. कंपनीने धाकट्याला कचेरीत फोनपाशी बसवलं. लोक लिफ्टमध्ये अडकले की फोन करतात, त्यांना धीर द्यायचा आणि माणूस पाठवायचा, हे काम. "आता मी वरखालीही करत नाही," तो म्हणायचा. पण पूर्वी तो हे म्हणताना हसायचा.

आता खरी शिक्षा सुरू झाली, आणि ती कुणी रागावून दिली नाही. सगळ्यांनी ताईला शाबासकी दिली. धाकटाच येईल त्याला सांगायचा, "क्वाड होती म्हणून वाचलो हो. जिवावरचं शेपटावर निभावलं. डर्ट बाईक असती तर त्या उतारावरून थेट खाली गेलो असतो. ताईने हट्ट धरला म्हणून आज इथे बसलोय." हे खरं नव्हतं. तो उतार पुरुषभरही खोल नव्हता, मित्रांनी सांगितलं होतं. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून तो हे सांगत होता, आणि प्रत्येक वेळी सांगताना तिच्याकडे बघून मान हलवायचा, की बघ, तुझी काही चूक नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, अशी बहीण असावी. ताई मान खाली घालून उठायची आणि भांडी घासायला लागायची. घासलेली भांडीही परत घासायची.

एक गिऱ्हाईक दुकानात बसल्या बसल्या हसत म्हणालं, "करायला गेलं काय आणि वरती झाले पाय, तसं झालं की तुमच्या भावाचं!" त्याचा हेतू वाईट नव्हता. ताईने त्याची अर्धी शिवलेली सीट त्याच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं, दुसरीकडे शिवून घ्या. तो माणूस अजूनही ताईला खडूस म्हणतो.

मग मिस्त्री परत आले. मुलीला मुलगा झाला होता. त्या आनंदात ते थेट ताईच्या दुकानात आले, आणि बातमी त्यांना इथेच कळली. ते लादीवर बसले.

"कुठला पाय?"

"डावा."

"आपोआप गेला असेल." मिस्त्रींनी मान हलवली. मग वर बघितलं. "तू सांगितलं होतंस ना त्याला?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. इतके दिवस तिने फक्त गप्प राहायचं काम केलं होतं, खोटं असं काही ती बोलली नव्हती. तेवढी एक पायरी उतरायची राहिली होती.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मग ऐकलं नाही बेट्याने," मिस्त्री म्हणाले. "येतो बघून."

ताईने शटर ओढलं आणि त्यांच्या मागोमाग भावाच्या घरी निघाली. का निघाली? त्यांना अडवायला म्हणाल तर अडवायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. पण ते खोटं आपल्या माघारी उघडं पडणं तिला सहन झालं नसतं. रस्ताभर ती मिस्त्रींच्या एक पाऊल मागे चालत होती आणि वाटेत काहीतरी घडावं, कुणीतरी भेटावं, त्यांनी परत फिरावं, असं एखाद्या शाळकरी पोरीसारखं इच्छीत होती. कुणी भेटलं नाही.

धाकटा खिडकीपाशी बसला होता, पाय समोर स्टुलावर. भावजय स्वयंपाकघरात होती. मिस्त्रींना बघून तो उजळला. बाळाचं विचारलं, मिशांची थट्टा केली. मिस्त्रींनी पायावरचं पांघरूण बाजूला करून घोटा नीट बघितला, जसा ते वाकलेला दांडा बघतात तसा.

"एवढा निरोप पाठवला होता," ते म्हणाले, "की पाय खाली टाकू नकोस, चाक चढतं, महिनाभर मैदानावरच फिरव. पण तुम्ही पोरं म्हाताऱ्याचं कशाला ऐकाल?"

धाकट्याने मिस्त्रींकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं. ताईने नजर चुकवली नाही, चुकवायचं सुचलंच नाही तिला. तोंडावर काय होतं ते तिला कसं कळणार? पण त्याने जे वाचायचं ते वाचलं.

"हो," तो मिस्त्रींना म्हणाला. "सांगितलं होतं ताईने. माझ्याच लक्षात राहिलं नाही."

"तेच म्हणतो मी," मिस्त्री म्हणाले. आणि मग नातवाचं नाक कुणावर गेलंय ते सांगू लागले.

ते जाईपर्यंत ताई दारातच उभी होती. त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेल्यावर ती आत आली, भावासमोर जमिनीवर बसली. बोलायला लागली ती थांबलीच नाही. मिस्त्री कधी आले, काय म्हणाले, तो संध्याकाळी कसा आला, दोरा कसा ओवला गेला, चहाचं कसं विचारलं, सगळं. रडली नाही. मागे एकदा रडून तिने जे मिळवलं होतं ते समोर स्टुलावर पडलेलं होतं, आता परत रडायला तिला लाज वाटली.

"सांगितलं असतं तर तू डर्ट बाईक घेतली असतीस," ती शेवटी म्हणाली.

"घेतली असती. किंवा क्वाड घेऊन मैदानावर फिरलो असतो. मला काय माहीत काय केलं असतं?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी जगभर सांगत फिरलो, ताईमुळे वाचलो. तू ऐकत होतीस."

"हो."

"पाय माझा होता, ताई. मला सांगायला हवं होतंस."

भावजय पाणी घेऊन आली, दोघांकडे बघून तशीच आत गेली. ताई उठली आणि घरी गेली.

त्यानंतर धाकटा दुकानाकडे फिरकला नाही. पूर्वी कामावरून परतताना दारातून हाक मारायचा, "आहेस का गं?" आता तो पलीकडच्या रस्त्याने जात असावा. भावजयीचा फोन यायचा, पाय बरा आहे, व्यायाम करतात, असं सांगायची आणि ठेवायची. तिला नवऱ्याने सांगितलं होतं की नाही हे तिच्या आवाजावरून समजत नव्हतं. ताईने मिस्त्रींना मात्र खरं सांगून टाकलं. स्वतः गॅरेजात जाऊन, तिथे काम करणाऱ्या पोरांदेखत. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला, कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "निरोप मी दुसऱ्याच्या हाती द्यायला नको होता." त्यांनी दोष आपल्यावर घ्यावा हेही ताईला नको होतं. पण दुसऱ्याने काय वाटून घ्यावं हे आपल्या हातात नसतं, एवढं ती एव्हाना शिकली होती.

तिने आणखी एक उद्योग सुरू केला. दुकानात डोंगरात फिरणारं गिऱ्हाईक आलं, मग ते क्वाडवालं असो की डर्ट बाईकवालं, की ती त्याला बसवून घ्यायची आणि विचारायची. तुझी कशी पडते? कुठे पडते? पडली की कुणाच्या अंगावर येते? उतारावर काय करता, चिखलात काय, थकल्यावर काय? लोकांना वाटायचं बाई गाडी घेतेय की काय. ती फक्त ऐकायची आणि मधेमधे, "खरं सांग हं, बढाई नको," एवढंच म्हणायची. जे आधी विचारायला हवं होतं ते आता विचारून काय मिळणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

हिवाळा सरता सरता एका दुपारी दुकानासमोर टेम्पो थांबला. मिस्त्रींच्या पोरांनी त्यातून एक डर्ट बाईक उतरवली. धाकट्याचीच, जुनी. तिला गिऱ्हाईक लागलंच नव्हतं, म्हणजे मिस्त्रींनी लागू दिलं नव्हतं. डाव्या बाजूच्या गिअरच्या दांड्याला मागे एक नवी पट्टी जोडलेली दिसत होती, म्हणजे घोटा न वाकवता टाचेने दाबता येईल. मागून काठी टेकत धाकटा उतरला. दुकानात आला. लादीवर बसला नाही, उभाच राहिला.

"सीट उंच पडते," तो म्हणाला. "डावा पाय पुरता टेकत नाही. फोम कमी करून पाहिजे."

ताईच्या हातात कात्री होती. ती तिने खाली ठेवली. तोंडातून 'नको रे' निघायच्या बेतात होतं, ते तिने गिळलं.

"बस," ती म्हणाली. "आधी मला काय माहीत आहे ते सांगते. मग ठरव."

"सांग."

"क्वाडवर पाय ठेवायला जागा आहे. गिअरला टाच लावायची कटकट नाही. तुझा पाय थकला तर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते. आता तुला पाय खाली टाकायचा नाही हे माहीत आहे, त्यामुळे तुझ्यासाठी ती आता जास्त बरी असं पुष्कळ लोक म्हणतील. पण उलटली तर ती अंगावर येते, आणि तुला पटकन बाजूला होता यायचं नाही." तिने श्वास घेतला. "डर्ट बाईक पडली तर तुझ्यापासून लांब पडते. हे मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. पण ती तुला पायांवरच तोलायची आहे, आणि तुझा एक पाय पहिल्यासारखा नाही. फोम कमी केला की सीट कडक होईल, तासाभरात बूड दुखेल. आणि मी घाबरेन. तू परत येईपर्यंत दर वेळी घाबरेन. ते हिशेबात धरू नकोस, पण माहीत असू दे."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. खूप दिवसांनी असा बघत होता.

"काही ठेवलंस मागे?"

"नाही."

"मग कर कमी," तो म्हणाला.

तिने सीट काढली, कव्हर उसवलं, खडूने रेघ मारली. पातळ पात्याच्या करवतीने फोम कापायला लागली, आणि रेघ सरळ आली. फोम परत बसवला आणि धाकट्याला गाडीवर बसायला सांगितलं. मिस्त्रींच्या पोरांनी गाडी धरली. धाकटा दोन्ही पाय सोडून बसला.

"टेकला," तो म्हणाला. "बस झालं एवढं."

ताई त्याच्या डाव्या पायापाशी गुडघ्यांवर बसली. त्याच्या बुटाच्या टाचेखाली तिने बोटं सरकवून पाहिली. तिची बोटं आत गेली.

"नाही टेकला," ती म्हणाली. "उतर."

तिने परत फोम काढला, परत कापला. तो कंटाळून म्हणाला, ताई, चालतंय गं. ती म्हणाली, गप्प बस. पुन्हा बसवला, पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि टाचेखाली बोटं घालायला गेली. या वेळी बुटाच्या आणि फरशीच्या मधे जागा नव्हती. तिने सगळ्या बाजूंनी करून बघितलं.

"आता टेकला," ती म्हणाली, आणि कव्हर शिवायला मशीनवर जाऊन बसली.